दुसरा पाटा

(द्वितीय वर्ष, कला)

‘पाटा’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा उभा राहतो. ज्यांच्या घरी मिक्सर आला, त्यांचा पाटा आता परसात भिंतीला टेकून ऊन खात असेल. पण डोंगरातल्या माणसाला, त्यातही ज्याच्या दारात गाडी आहे त्याला, पाटा म्हटले की आधी गाडीखालचा पाटा आठवतो. ‘पाटा तुटला’ हे आमच्याकडे एक संपूर्ण वाक्य आहे. वऱ्हाड उशिरा का आले? पाटा तुटला. दूध का नासले? पाटा तुटला. एवढे दोन शब्द उच्चारले की पुढे कोणी काही विचारत नाही. ऐकणारा नुसता ‘च्... च्’ करतो, आणि मग ‘कोणत्या वळणावर?’ एवढेच पुसतो.

गाडीच्या वजनाला खालून जे पोलादी पट्ट्यांचे जुडगे तोलून धरते त्याला कमान म्हणतात, आणि त्या जुडग्यातल्या एकेका पट्टीला पाटा. सगळ्यांत वरचा पाटा सर्वांत लांब. त्याची दोन्ही टोके वळवून वेटोळी केलेली असतात, त्या वेटोळ्यांतूनच तो गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. त्याला मेन पाटा म्हणायचे. त्याच्याखालचे पाटे क्रमाने आखूड होत जातात. सगळ्यांच्या मधोमध एक भोक, त्यातून सेंटर बोल्ट, आणि बाहेरून यू बोल्टची घट्ट मिठी. दिसायला इतकी साधी वस्तू! पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या वस्तूने आमच्या घरात चार दिवस झोप येऊ दिली नाही, आणि एक गोष्ट मला अशी दाखवली की जी मी गेली आठ वर्षे समोर असून पाहिली नव्हती.

आमचे गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका डोंगराच्या खांद्यावर आहे. कोयनानगरला वर्षाकाठी सरासरी ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे तो थोडा कमी असेल. पण रस्त्याला आणि लोखंडाला तो पुरून उरतो. एस. टी. खालच्या फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून वर साडेचार किलोमीटरचा चढ. त्यातला अर्धा डांबराचा, अर्धा डांबराच्या आठवणीचा. हा चढ आमच्या जीपचा. सकाळी ती दुधाचे कॅन घेऊन खाली उतरते आणि येताना शाळेच्या बाई, रेशनचे धान्य, सिमेंटच्या गोण्या, पेपर, कधी दवाखान्यातून घरी सोडलेले म्हातारे माणूस असे काय मिळेल ते घेऊन वर येते.

ही जीप आमच्या आण्णांनी २००८ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. गाडी १९९४ ची, महिंद्राची एमएम ५४०, प्यूजोचे डिझेल इंजिन, चारही चाकांना ओढ देता येणारी. तिचे मूळ कूळ पाहू गेले तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत जाते. अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने १९४१ पासून ज्या जीपगाड्या केल्या, त्यांचाच वंश स्वातंत्र्यानंतर मुंबईत वाढला. आधी परदेशातून आलेले सुटे भाग इथे जोडत, पुढे गाडी इथेच होऊ लागली. युद्धातल्या जीपला चार चाकांवर चार कमानी होत्या, आमच्या जीपलाही चार कमानीच आहेत. पन्नास वर्षांत माणसांनी चंद्रावर पाऊल ठेवले, पण डोंगरातल्या रस्त्यासाठी कमानीहून भरवशाचे काही सापडले नाही, असे आण्णा म्हणतात. आता तर अशी गाडी लिलावात मिळण्याचे दिवसही संपले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्या मोडीत काढायच्या, असा नियम झाला आहे. आमच्यासारख्याच्या दारात सरकारी जीप येण्याची ती वाट बंद झाली.

आण्णांनी जीप नऊ वर्षे चालवली. २०१७ च्या पावसाळ्यात त्यांची कंबर गेली. डॉक्टरांनी मणक्यात दोन ठिकाणी दोष सांगितला आणि गाडी चालवणे बंद केले. तेव्हा दादा नुकताच दहावी झाला होता. त्याला ७१ टक्के गुण होते, गावातून तो पहिला आला होता. अकरावीचा प्रवेश अर्ज भरून घरात आणून ठेवलेला होता. तो अर्ज पुढे कुठे गेला हे कोणी विचारले नाही. दादा आण्णांच्या शेजारी बसून गाडी शिकला, लायसन मिळण्याचे वय होईपर्यंत काकांनी गाडी चालवली, आणि मग दादा स्टिअरिंगवर बसला तो बसलाच. मी त्या वेळी पाचवीत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजचा दरवाजा ओलांडणारा मी पहिला, असे मी पहिल्या वर्षाच्या स्वागत समारंभात मोठ्या अभिमानाने सांगितले होते. ते खरेच आहे.

गेल्या पावसाळ्यात जीप उजवीकडे कलू लागली. आधी वाटले, दुधाचे कॅन एका बाजूला भरले म्हणून. पण रिकामी गाडी सपाट जागेवर उभी केली तरी ती एखाद्या थकल्या माणसासारखी उजव्या पायावर भार देऊन उभी. दादाने चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत दोरी धरून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. उजवीकडे दोन इंच कमी भरले. खड्ड्यातून जाताना पुढून ‘खट्ट’ असा आवाज येई. वळणावर स्टिअरिंग सरळ धरले तरी गाडी थोडी बाहेर सरके, आणि आमच्या रस्त्याला बाहेरच्या बाजूला दरी आहे. एका सकाळी खड्ड्यात चाक आपटले आणि कॅनचे झाकण उडून बावीस लिटर दूध गाडीत सांडले. त्या दिवशी आण्णा म्हणाले, “इकून टाका आता. ल्वाक पाडंल कुनाला तरी दरीत.”

फाट्यावरच्या भंगारवाल्याने येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. गाडीचे बॉनेट न उघडताच त्याने आकडा सांगितला. किलोवर भाव काढणाऱ्याला इंजिन ऐकायची गरज नसते. तालुक्याच्या एका गॅरेजने पुढच्या दोन्ही कमानी, बुश, शॅकल, शॉकअप आणि मजुरी मिळून जो अंदाज दिला, तो भंगाराच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास होता. घरात तेवढे पैसे होते. पण ते माझ्या पुढच्या वर्षाच्या खोलीचे आणि फीचे म्हणून आईने डब्यात वेगळे ठेवले होते.

रात्री जेवणानंतर बोलणे निघाले. जीप विकली तर दादा मुंबईला जाणार होता. आमच्या भागातली निम्मी घरे मुंबईच्या बाजारात माथाडी काम करणाऱ्यांच्या जिवावर चालत आली आहेत, त्यांत आमचे एक मामाही आहेत. मामांनी जागा धरून ठेवली होती. म्हणजे जीप गेली तर माझे कॉलेज राहणार आणि दादा जाणार. जीप राहिली तर दादा राहणार आणि माझे कॉलेज अधांतरी. वाचकहो, अर्थशास्त्राच्या तासाला ‘संधी-त्याग परिव्यय’ ही संज्ञा मी वहीत तीनदा लिहिली आहे. तिचा अर्थ मला त्या रात्री चुलीपुढे बसून कळला.

तेव्हा दादा म्हणाला, “मजुरी वगळली तर निम्मं पैसं वाचत्यात. सामान मी आनतो, काम दारात करतो. फकस्त एक मानूस पायजे हाताखाली.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच मान फिरवली. “त्यो न्हाई. त्येला कालिजात घातलाय त्यो गाडीखाली घालायला न्हवं.”

“चार दिवसांचा तर प्रश्न हाय आण्णा,” मी म्हणालो.

“हात बघ तुजं. ह्ये हात असंच ऱ्हायला पायजेत.”

आण्णांच्या हातांच्या रेषांत डिझेल आणि काळे तेल इतके मुरलेले आहे की पूजेला बसतानाही ते निघत नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सकाळी लवकर उठून जुना शर्ट घातला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. आण्णा बाजेवर बसून होते. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग एवढेच म्हणाले, “जाकवर गाडी आसताना खाली शिरायचं न्हाई. आदी घोड्या लावा.”

ही त्यांची परवानगी होती.

पहिला दिवस नुसता गंजाशी लढण्यात गेला. आदल्या रात्रीच दादाने सगळ्या नटांवर डिझेल सोडून ठेवले होते. गाडी सपाट जागेवर घेतली, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावले, पुढून जॅकने उचलली आणि सांगाड्याखाली दोन लोखंडी घोड्या उभ्या केल्या. विटा किंवा दगड रचून त्यावर गाडी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. वीट वजनाने सावकाश दबत नाही, एकदम फुटते. आणि ती फुटायची वेळ आधी कळत नाही. घोड्या आम्ही खालच्या वेल्डरकडून मागून आणल्या होत्या. त्यानंतर दादाने गाडी दोन्ही हातांनी जोराने हलवून पाहिली. “आता पडायची आसली तर आता पडू दे, आपन भाईर हाय तंवर,” म्हणाला.

जॅक मग एक्सलखाली गेला. कमान सुटली की एक्सल खाली लोंबू लागतो आणि त्याचा भार ब्रेकच्या रबरी नळीवर येतो. नळी आतून फाटली तर बाहेरून दिसत नाही, ब्रेक दाबल्यावर दिसते. म्हणून एक्सलला सतत खालून आधार हवा. यू बोल्टच्या आठ नटांपैकी पाच सुटले. पान्ह्याला दोन हात लांब पाइप घालून आम्ही दोघे लोंबकळलो तरी उरलेले तीन हलेनात. ते हॅक्सॉ ब्लेडने कापले. मी हळहळलो तर दादा म्हणाला, “कापलं तर कापलं. यू बोल्ट दुसऱ्यांदा वापरायचंच नसत्यात. एकदा ताणलं की त्येंचा दम गेला.” शॅकलचे बोल्ट त्याहून चिवट निघाले. जुन्या विलीज जीपना आट्यांचे यू आकाराचे शॅकल असत, त्यांना वेळोवेळी ग्रीस द्यावे लागे. आमच्या गाडीला आधीच कोणीतरी दोन पट्ट्यांचे शॅकल आणि रबरी बुश बसवलेले होते. त्या बुशांतले रबर आता भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखे हातात आले. लोखंडावर लोखंड घासत होते. ‘खट्ट’ आवाजाचा उगम तिथे होता.

संध्याकाळी उजवी कमान अंगणात आडवी पडली. दादाने सेंटर बोल्ट सोडला आणि एकेक पाटा वेगळा केला. सात पाटे होते. वरचा, मेन पाटा, धडधाकट होता. त्याची वेटोळी थोडी झिजलेली, बाकी काही नाही. खालचे पाच पाटेही गंजलेले, पण अखंड. दुसरा पाटा मात्र मधल्या भोकाजवळ आडवा चिरलेला होता. चीर काही आजची नव्हती. तिच्या तोंडाशी लाल गंज बसला होता, आत थोडीच जागा चकचकीत होती. म्हणजे तो कित्येक महिने चिरत होता आणि त्याच स्थितीत वजन वाहत होता. बाहेरून पाहणाऱ्याला वरचा पाटा दिसतो, खालचे दिसतात; दुसरा पाटा मेन पाट्याला चिकटून असतो, त्याचे तोंड कोणी पाहत नाही. मेन पाटा मोडला तर एक्सल जागचा सरकतो आणि गाडी जाते. मेन पाटा मोडू नये म्हणून त्याचा बराचसा ताण दुसरा पाटा आपल्या अंगावर घेतो.

मी ती चीर बोटाने चाचपत बसलो होतो. दादा हात धूत होता. माझ्या मनात जे आले ते मी त्याला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस. टी.ने कराडला गेलो. दादाने खांद्यावर एक पाटा घेतला होता, माप चुकू नये म्हणून. कमानवाल्याच्या दुकानात भाता सुरू होता. जुना पाटा सपाट झाला की त्याला पुन्हा बाक देता येतो. काही जण गार लोखंडच ठोकून बाक देतात, तो थोडेच दिवस टिकतो. नीट काम करणारा पाटा भट्टीत लाल करतो, बाक देतो, मग तेलात बुडवतो आणि पुन्हा बेताचा तापवतो. नुसता बुडवून काढला तर तो काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच खड्ड्यात मोडतो. दुसऱ्यांदा तापवल्याने त्याच्यात चिवटपणा येतो. या सगळ्याला धंद्यात ‘पाणी देणे’ म्हणतात. देतात तेल, म्हणतात पाणी! भाषाशास्त्राच्या दृष्टीने मला हे मोठे गमतीचे वाटले. पण कमानवाले चाचा म्हणाले, “नाव काही बी असू दे बेटा, पोलादाला समजतं काय दिलं ते.”

दोन नव्या कमानी घेण्याइतके पैसे नव्हते. चाचांनी आमचा पाटा हातात घेऊन दगडावर आपटला, आवाज ऐकला आणि म्हणाले, मेन पाटा आणि दुसरा पाटा दोन्ही बाजूंचे नवे घ्या, बाकीच्यांना मी बाक देऊन पाणी देतो. एकाच बाजूचे बदलले तर गाडी आता दुसरीकडे कलेल. दादाने मान हलवली, त्यालाही हेच म्हणायचे होते. शॉकअप, यू बोल्ट, सेंटर बोल्ट तिथेच मिळाले. बुश पुण्याच्या नाना पेठेतून मागवलेले एका दुकानात होते. परत येताना एस. टी.च्या टपावर आमचे ओझे आणि खाली आम्ही.

तिसऱ्या दिवशी कमानी जोडायला बसलो तेव्हा मी दादाला विचारले, “सात पातळ पट्ट्या कशाला? एकच जाड पट्टी का नाही घालत?”

दादा थांबला. “आसंच आसतं,” म्हणाला. मग स्वतःलाच ते उत्तर पटले नाही, म्हणून माझ्याकडे पाहू लागला.

मी आत जाऊन माझी शंभर पानी वही आणली. ती दोन्ही टोकांना धरून वाकवली. पाने एकमेकांवर सरकली आणि वही सहज वाकली. मग म्हणालो, ही सगळी पाने खळ लावून एकमेकांना चिकटवली तर पुठ्ठा होईल, तो वाकणार नाही. जोर केला तर मोडेल. जाडी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. पट्ट्या सुट्या असल्या म्हणजे त्या एकमेकींवर सरकतात, वाकतात आणि भारही वाटून घेतात. शिवाय सरकताना जे घर्षण होते त्याने उसळी थोडी मरते. उरलेली शॉकअप मारतो. त्याच्या आतले तेल बारीक छिद्रांतून दाबले जाते आणि उसळीची उष्णता होऊन जाते. दादाने वही माझ्या हातातून घेतली आणि दोन-तीन वेळा वाकवून पाहिली. “म्हंजे मधी गंज बसला की चिकटवल्यासारकंच हुतं,” तो म्हणाला. “म्हनूनच पाटं साफ करून मधी ग्रेफाइट ग्रीस लावत्यात.” मी हे वाक्य पुस्तकात शोधले असते तर मला सापडले नसते. आणि त्याला ते कारण आठ वर्षांत कोणी सांगितले नव्हते. तो नुसता ग्रीस लावत आला होता, नीट आणि न चुकता.

बुश बसवताना उलटे झाले. बुशाला मी ग्रीस लावायला गेलो तर त्याने हात धरला. “रबराला तेल लागलं की त्ये फुगतं. साबनाचं पानी घे.” साबणाच्या पाण्यात भिजवलेला बुश बाकावरच्या शेगड्यात धरून सावकाश आत दाबला, तो लोण्यासारखा गेला. मग कमान जागेवर चढवली. पाट्याच्या सेंटर बोल्टचे डोके एक्सलच्या भोकात नेमके बसायला हवे. ते बसले की एक्सल सरकायची सोय राहत नाही. ते भोक सापडण्यासाठी मी जॅकचा दांडा बोटभर वर, बोटभर खाली करत होतो आणि दादा गाडीखालून ओरडत होता, “आजून... आजून... थांब!” ‘टक्’ असा जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो.

नव्या यू बोल्टचे नट समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने आवळले. पण शॅकलचे आणि टोकाचे बोल्ट दादाने नुसते लावून ठेवले, आवळले नाहीत. “गाडी चाकावर उतरल्यावर.” का, ते या वेळी त्यानेच सांगितले. कमान लोंबत असताना बुश आवळला तर रबर त्या स्थितीत पकडले जाते. मग गाडी खाली उतरली की ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. वजन अंगावर घेऊन ज्या ठिकाणी ते रोज राहणार, त्याच ठिकाणी त्याला आवळायचे. आण्णा बाजेवरून ऐकत होते. म्हणाले, “ह्ये मी शिकीवलं त्येला.” थोड्या वेळाने त्यांनी काठी टेकत येऊन माझ्या हातात चौदा-पंधराचा रिंग पान्हा दिला, आणि माझ्या काळ्या हातांकडे पाहून काही बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी गाडी चाकांवर उतरली. दादाने पुन्हा दोरी धरली. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. पुढचे बॉनेट दाबून सोडले. गाडी एकदा वर आली आणि जागेवर स्थिर झाली. आम्ही रिकामी गाडी फाट्यापर्यंत नेऊन आणली. ज्या खड्ड्यात दूध सांडले होते तिथे दादाने मुद्दाम वेग कमी केला नाही. ‘खट्ट’ झाले नाही. आई अंगणात उभी होती, तिने नुसते विचारले, “ऱ्हायली का?” तिला गाडी म्हणायचे होते की दादा, हे मी तिला विचारले नाही. डब्यातले पैसे सगळे गेले नव्हते. माझी फी त्यातून निघाली. खोली नाही निघाली, म्हणून मी या सत्रात रोज सकाळी दुधाच्या कॅनशेजारी बसून फाट्यावर येतो आणि तिथून पहिली एस. टी. धरतो. पहिल्या तासाला मी कधी कधी उशिरा येतो त्याचे कारण पाटा नाही, एस. टी. आहे, हे सरांनी कृपया लक्षात घ्यावे.

शंभर-सव्वाशे किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. नवे पाटे एकमेकांवर बसतात, फट कमी होते आणि नट सैल पडतात. जे लोक हे विसरतात त्यांचा सेंटर बोल्ट तुटतो. एका रविवारी आम्ही दोघे पुन्हा गाडीखाली शिरलो. तिथे, पाठीखाली पोते आणि तोंडावर बॅटरी धरून, मी दादाला विचारले, “बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरतोस का? शाळेत न जाता परीक्षा देता येते. मी शिकवतो.”

तो आवळायचे थांबला नाही. “आता ह्या वयात?”

“चोवीस म्हणजे वय आहे का?”

“आनि गाडी?”

“परीक्षेपुरती मी चालवीन. लायसन काढतो.”

तो हसला. एक नट झाला, दुसरा झाला. मग म्हणाला, “मराठीचं पुस्तक आन आदी. बगू, वाचता येतंय का आजून.”

मी पुस्तक आणून दिले आहे. ते जीपच्या डॅशबोर्डच्या खणात, पान्हे आणि फडक्यांच्या शेजारी असते. फाट्यावर एस. टी.ची वाट पाहताना तो ते उघडतो. किती वाचतो हे मी विचारत नाही. फॉर्म अजून भरलेला नाही. पण परवा त्याने मला एका शब्दाचा अर्थ विचारला, आणि मला तो सांगता आला नाही म्हणून स्वतःच म्हणाला, “सरांना इच्यार.” तो शब्द कागदावर लिहून मी खिशात ठेवला आहे. उद्याच्या तासाला विचारणार आहे.